मिरचीचं रोप : लावणीआधीचे दिवस



या व्याख्यानमालेत काल राज्यघटनेवर बोलणं झालं, उद्या संतसाहित्य आहे. मध्ये मिरची. ताटाची डावी बाजू रिकामी राहू नये, एवढी काळजी संयोजकांनी घेतलेली दिसते.

घरी मिरची लावणारे भेटले की तक्रारी ठरलेल्या असतात. फुलं गळतात, पानं आकसतात, झाड नुसतंच वाढतं आणि मिरची धरत नाही. मग हळूच विचारतात, एखादं औषध सांगा ना. मी उलट विचारतो, रोप कसं होतं? मिरची बहुतेक वेळा कुंडीत बिघडत नाही, कुंडीत जायच्या आधीच बिघडलेली असते.

हे झाड मूळचं मेक्सिकोकडचं. आपल्याकडे ते सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आलं. तोवर इथल्या स्वयंपाकात तिखटपणा मिऱ्याचा आणि पिंपळीचा. रानटी मिरची तिकडे आजही मोठ्या झाडाझुडपांच्या आडोशाला उगवते, कारण तिचं बी पक्षी पेरतात. मिरचीतल्या कॅप्सायसिनचा दाह सस्तन प्राण्यांना होतो, पक्ष्यांना होत नाही. पोपट मिरची मिटक्या मारत खातो ते काही शौर्य नव्हे, त्याला ती झोंबतच नाही. पक्षी फांदीवर बसतो, बी खाली पडतं आणि रोप विरळ सावलीत वर येतं. एवढं लक्षात ठेवलं तरी विदर्भातल्या मे महिन्यात रोपांचा ट्रे दुपारी गच्चीवर उघडा ठेवायची बुद्धी होणार नाही.

आता पेरणी. पुष्कळ जण स्वयंपाकघरातली सुकी मिरची फोडून बी टाकतात. उन्हात वाळलेली, जुनाट नसलेली मिरची असेल तर ते उगवतंही. पण ती संकरित वाणाची असली तर पुढची पिढी आईवर जाईलच असं नाही. नवख्याने पुसा ज्वाला किंवा फुले ज्योतीसारख्या सुधारित वाणाची पुडी आणावी, खर्च फार नसतो. ट्रेमध्ये, नाहीतर तळाला भोकं पाडलेल्या दह्याच्या डब्यात, कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत भरायचं. बी अर्धा सेंटिमीटर खोल, त्याहून खाली नाही. बी रुजायला पंचवीस ते तीस अंश उष्णता लागते, ती उन्हाळ्यात फुकट मिळते. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात, कधी पंधरवडाही लागतो. टोमॅटो चार-पाच दिवसांत डोकं वर काढतो, म्हणून शेजारच्या डब्यातल्या मिरचीबद्दल माणूस अधीर होतो आणि माती उकरून बघतो. ते करू नका.

आणि इथेच खरा घात होतो, तो पाण्याने. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, पाहुणे आले की त्यांच्या देखत पुन्हा पाणी. चिखल झालेल्या मातीत बुरशी वाढते, रोपाची मान जमिनीलगत काळी, बारीक पडते आणि काल ताठ असलेलं रोप आज आडवं होतं. शेतकरी याला रोपांची मर म्हणतात. आडवं झालेलं रोप परत उभं राहत नाही, त्यामुळे उपाय आधीच करायचा. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी भरणीच्या मिश्रणात मिसळावी, बी दाट टाकू नये, वारा खेळता ठेवावा, आणि वरचा थर हाताला कोरडा लागला की मगच झारीने पाणी द्यावं.

दुसरी चूक उजेडाची. दिवाणखान्याच्या खिडकीत वाढलेली रोपं उंच होतात आणि घरचे खूश होतात. ती उंची भुकेची असते. उगवल्याबरोबर ट्रे उजेडात न्यायचा. सकाळचं ऊन थेट मिळू द्यावं, दुपारी हिरवी जाळी नाहीतर जुनी पातळ ओढणी. लावणीच्या आधी आठवडाभर पाणी थोडं तोडायचं आणि उन्हाचा वेळ रोज वाढवत न्यायचा. रोप काटक होतं ते याच आठवड्यात.

रोपवाटिकेतून तयार रोप घ्यायलाही हरकत नाही. पण तिथे लोक नेमकं फुललेलं, एखादी मिरची लोंबणारं रोप कौतुकाने उचलतात. मी ते तसंच ठेवून देतो. इवल्या पिशवीत मुळं कोंडली म्हणून ते घाईने फुलावर आलेलं असतं. बुटकं, जाड खोडाचं, बिनफुलांचं रोप घ्यावं, आणि पैसे देण्याआधी पान उलटं करून पाहावं.

पान उलटं का करायचं? कारण ज्याला आपण चुरडामुरडा किंवा बोकड्या म्हणतो, त्याचं मूळ तिथे बसलेलं असतं. पानाच्या कडा वर वळून होडी झाली असेल तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळल्या असतील तर कोळी. आणि पांढरी माशी विषाणू घेऊन आली असेल तर पानं बारीक होऊन गुच्छ बनतो. त्या झाडाची माया धरू नये. उपटून टाकावं, नाहीतर शेजारची झाडंही जातील. पहिल्या दोन प्रकारांत निंबोळी अर्क किंवा कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यातून संध्याकाळी फवारलं आणि तेही पानांच्या पाठीवर, तर सुरुवातीला आटोक्यात येतं. लोक वरून फवारतात, कीड खाली निवांत असते.

लावणी पाच-सहा आठवड्यांनी करायची, वीतभर उंची आणि सहा-एक खरी पानं आली की. रोहिणीत टाकलेलं बी पुनर्वसूपर्यंत, म्हणजे तरण्या पावसाच्या सुमारास, लावणीला येतं. कुंडी दहा-बारा इंची, भोक मोकळं, एका कुंडीत एकच झाड. टोमॅटोचं खोड खोल पुरलं की त्याला मुळं फुटतात, मिरचीचं तसं सहजी होत नाही. म्हणून ट्रेमध्ये होती साधारण तेवढ्याच खोलीवर लावा. कोकणात असाल तर कुंडी पागोळीखाली ठेवू नका, पण ऊन मात्र पाच-सहा तास हवंच.

खोडाला पहिला दुबेळका फुटतो तिथे पहिलं फूल येतं. ते खुडायचं. हात धजावत नाही, मला माहीत आहे, पण खुडलं की झाड आधी अंग धरतं. नंतरची फुलं गळू लागली तर आधी हवेकडे बघा. दिवसाचा पारा पस्तिशीच्या वर असला आणि रात्रीही गारवा नसला की मिरची फळ धरत नाही. तिथे कुठलंही टॉनिक कामाचं नाही. नुसती पानंच हिरवीगार माजली असतील तर युरिया बंद करा. मिरच्या लागल्या की हिरव्या असतानाच तोडत राहा, पिकायला ठेवल्या की नवा बहार मंदावतो. बियांसाठी मात्र निरोगी झाडावरच्या दोन-चार मिरच्या लाल होऊ द्याव्यात. आणि पलीकडच्या कुंडीत ढोबळी मिरची फुललेली असेल तर बियांसाठी ठेवायच्या फुलांवर आधीच पातळ कापडाची पिशवी बांधावी. मिरचीचं परागण बरंचसं स्वतःचं स्वतः होतं, पण मधमाशी दोन्हीकडे जाते, आणि मग पुढच्या वर्षी ठेच्याला घेतलेली मिरची आपल्या वाणाची निघेलच असं नाही.