दुर्मिळ म्हणजे काय?



कामगार चळवळीतल्या माणसाने पिस्तुलावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण मला बोलायचे आहे ते हातांविषयी.

अमेरिकेत पॅसाडिना गावी हॅरी सॅनफर्ड यांनी ‘ऑटो मॅग’ नावाचे पिस्तूल काढले. मॅग्नम रिव्हॉल्व्हरची ताकद आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात आणायची, हा त्यांचा ध्यास. १९७१ साली ते बाजारात आले. सारे अंग गंज न धरणाऱ्या पोलादाचे. घडणावळ महाग, विक्रीची किंमत तिला पुरेना. १९७२ साली कंपनीचे दिवाळे निघाले. पुढे दुसऱ्यांनी काही वर्षे ते बनवले. तरी एकूण नग काही हजारच.

आज संग्राहक त्याला ‘दुर्मिळ’ म्हणून मिरवतात. मी विचारतो, ही दुर्मिळता आली कोठून? बुडालेल्या हिशेबातून आणि सुटलेल्या नोकऱ्यांतून!

दुसरी गोष्ट काडतुसाची. आरंभी तयार काडतूस मिळेना. मग धन्याने स्वतः रायफलीची पितळी नळी कापावी, तोंड आतून तासावे, दारू तोलून भरावी, गोळी बसवावी. तोलात चूक झाली तर पिस्तूल फुटायचे, हातही जायचा. काडतूस नसेल तर ते महागडे पिस्तूल म्हणजे कागदावर ठेवायचे वजन.

म्हणजे हौसेखातर का होईना, धनी कामगार झाला! भांडवल पळाले, नाव विकले गेले. वस्तू जिवंत राहिली ती जपून काम करणाऱ्या हातांमुळे. त्या हातांची किंमत मात्र लिलावाच्या यादीत छापलेली नसते.