लव्हाळा वाचतो, तेव्हा

श्रोतेहो, आज पूर्वरंगाला तुकोबांचा लव्हाळ्याचा अभंग घेतला. लव्हाळा नम्र, म्हणून पुरात वाचतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण लव्हाळा वाचतो तेव्हा आणखी कोण वाचतं? अहो, काठ वाचतो!

आपल्या पऱ्यात दगडांच्या बेचक्यात शेरणी उगवते, पाहिलीत ना? लोंढा आला की आडवी, पाणी ओसरलं की पुन्हा उभी. मुळं मात्र दगड सोडत नाहीत. तिच्या वर वाळुंज, करंज, जांभूळ, उंबर, अशी दिंडीच उभी असते. मुळांत मुळं गुंतवून ही मंडळी माती धरतात, वरून येणारा गाळ अडवतात, माशांना सावली देतात. आणि आपण? 'साफसफाई' करतो! कोयता चालवतो, जेसीबी लावतो. काठ कसा स्वच्छ दिसतो! मग पावसात तो काठच नदीत.

चिपळूणकरांना मी काय सांगावं? २२ जुलै २०२१. वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली. माणसं गेली, संसार गेले. झाडं असती तर पूर आलाच नसता, असं मी म्हणणार नाही. तेवढ्या पावसापुढे झाड तरी काय करील? पण नंतर वाशिष्ठीतला, शिवनदीतला गाळ उपसावा लागला. तो आला कुठून? डोंगरउतारांची, काठांचीच माती ती. पात्र भरलं की पाणी दारात येणार, हे पोरालाही कळतं.

देवरहाटीतली फांदी तोडायला आजही आपला हात कापतो. मार्लेश्वराला धबधब्यापुढे आपण हात जोडतो. तेच पाणी बावनदी होऊन खाली आलं, की त्यातला देव संपला का हो?

आपण कोकणातली माणसं. आषाढीला लावणी असते, म्हणून पंढरीला कार्तिकीला जातो. मग आषाढात घरी आहातच, तर वाळुंजाची फांदी ओल्या काठात रोवा, ती धरते. करंजाच्या बिया टोचा. आकेशिया मात्र नको; झरझर वाढते खरी, पण तिचा पाला लवकर कुजत नाही. आणि जिथे झाडोरा आपोआप उगवलाय तिथे काहीच करू नका, कोयता फक्त घरी ठेवा. तेवढी सेवा पांडुरंगाला पोचते.

घ्या टाळ, उत्तररंगाला आरंभ करू.