तांबीविषयीं दोन शब्द

श्रोतेहो, १९२१ सालीं रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें व पुष्कळ उपहास सोसला. आज नागपुरांत डागा स्मृति स्त्री रुग्णालयासारख्या सरकारी ठिकाणीं तांबी विनामूल्य बसवितात. तरी भय उरलेंच आहे. ‘ती काळजापर्यंत चढते’, असें माझ्या सुनेस शेजारणीनें सांगितलें. हें खरें नव्हे. तिची जागा गर्भाशयांतच. बसविण्यास कांहीं मिनिटें लागतात, ओटीपोटांत कळ येते. पहिले ३ ते ६ महिने पाळींत स्राव अधिक होऊं शकतो. मात्र ताप, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा असह्य वेदना असल्यास तत्काळ डॉक्टरांकडे जावें. एक प्रकारची तांबी १० वर्षें चालते. काढल्यावर पुनः गर्भधारणा होऊं शकते. गृहस्थहो, निर्णय पत्नीचा. सोबत जाणें हें आपलें कर्तव्य.