मक्याची भाकरी आणि केळीचे पान
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला स्वयंपाकाविषयी चार शब्द बोलावयास सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा चूकभूल पोटात घालावी.

माझे माहेर सातपुड्यात, धडगावकडचे. तिकडे मका हे रोजचे अन्न. गरम पाण्यात पीठ मळून भाकरी थापावी, सोबत उडदाची डाळ. लग्न होऊन चामटोलीस आले, तो इकडे घरोघरी तांदळाची भाकरी. "मका तर कोंबड्यांना घालतात!" असे कोणीसे हसून म्हणाले आणि मी माहेरचे पीठ फडताळात मागे सारले. पुढे कित्येक वर्षे ती भाकरी केली नाही.

मागे लेकीने एक माहिती वाचून दाखविली. मका मूळचा मेक्सिकोचा. १४९२ नंतर गलबतांतून तो जगभर पसरला. आपल्याकडे आला, तसा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यासही गेला. तेथे घाना देशात त्याचे पीठ आंबवून, पानांत गुंडाळून शिजवितात. त्यास केंकी म्हणतात. त्या किनाऱ्यावरच्या लाखो माणसांना गुलाम करून वेस्ट इंडीज बेटांवर उसाच्या मळ्यांत राबावयास नेले. बरोबर गाठोडे नाही, स्वतःचे नावही राहू दिले नाही. पण हाताची सवय कोण हिरावणार?

आज बार्बाडोस बेटावर मक्याच्या पिठात नारळ, भोपळा, रताळे व साखर घालून केळीच्या पानात वाफवितात. त्याचे नाव काँकी. केंकीचीच ही लेक! ते बेट ३० नोव्हेंबर १९६६ रोजी स्वतंत्र झाले; त्या महिन्यात तेथे आवर्जून काँकी करतात. भेंडीच्या पाण्यात मक्याचे पीठ लाकडी काठीने घोटतात ती कूकू. आपल्या उकडीची बहीणच म्हणा ना.

ऐकता ऐकता मला सासूबाईंची पानगी आठवली. तेच केळीचे पान! दुसऱ्या दिवशी मी मक्याच्या पिठात गूळखोबरे घालून पानग्या केल्या. सासूबाईंनी दोन खाल्ल्या, चार शेजारी धाडल्या आणि म्हणाल्या, "सूनबाई, इतकी वर्षे का गं लपविलेस?" मला उत्तर देता आले नाही.

भगिनींनो, आपल्यांत कोणी घाटावरच्या, कोणी कोकणातल्या, कोणी खानदेशच्या. पुढल्या हळदीकुंकवास प्रत्येकीने माहेरचा एक पदार्थ करून आणावा आणि लेकीसुनांस शिकवावा, एवढीच विनंती. मी मक्याची भाकरी आणीन.