लेकराचं बाळपण



आपल्या घराघरांत बाळकृष्ण आहे. देव्हाऱ्यात रांगतो, हातात लोण्याचा गोळा. अष्टमीला आपण त्याला पाळण्यात घालतो, सुंठवडा वाटतो. देवाचं बाळपण एवढ्या कौतुकानं जपणारी माणसं आपण. मग पोटच्या लेकराचं बाळपण आपण कसं जपलं? आजचं निरूपण एवढंच आहे.

आळंदीला चला. विठ्ठलपंतांची चार लेकरं: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि धाकटी मुक्ताई. बाप संन्यास सोडून संसारात आला, हा लोकांच्या लेखी गुन्हा. पण शिक्षा कोणाला? लेकरांना! आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, चौघं पोरकी झाली. शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट धरावी लागली, असं संतचरित्रं सांगतात. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी झाली, तेव्हा माउली अवघी १५-१६ वर्षांची. आज त्याच आळंदीहून लाखोंच्या गर्दीत पालखी निघते. आज सगळेच पाया पडतात हो. पण तेव्हा त्या लेकरांच्या पाठीवरून हात फिरवणारे किती होते?

पुढची शतकं बघा. १८४० साली सावित्रीबाईंचं लग्न झालं, तेव्हा त्यांचं वय ९ आणि जोतीरावांचं १३. तेव्हाची रीतच ती. मग मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या. १८८१ साली कारखान्यांचा कायदा झाला. काय म्हणतो तो? ७ वर्षांच्या आतलं मूल कामाला लावू नका, आणि १२ वर्षांच्या आतल्याला दिवसाला ९ तासांवर राबवू नका. ऐकलंत ना? सात वर्षांच्या पोरानं नऊ तास राबायचं, आणि ही त्या काळची दया!

१९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. १९२९ च्या शारदा कायद्यानं लग्नाचं वय मुलीला १४, मुलाला १८ ठरवलं. आज ते १८ आणि २१ आहे. म्हणजे बाळपण काही आयतं मिळालं नाही. कोणीतरी भांडलं, शिव्या खाल्ल्या, तेव्हा ते पदरात पडलं.

आता आपल्या गावाकडे या. ऊसतोडीला नवराबायकोची जोडी लागते. तिला ‘एक कोयता’ म्हणतात. कोयता पुरा व्हावा म्हणून पंधरा-सोळाच्या पोरीला हळद लागते. गरिबाला नावं ठेवायला मी उभा नाही. पाच-सहा महिने आईबाप फडावर. वयात आलेली पोर मागं कोणाच्या भरवशावर ठेवायची? त्यांची धास्ती खरी आहे. म्हणून तर हे काम गावाचं आहे! तिला आपल्या घरात आजीजवळ निजायला जागा द्या. ग्रामसभेत उभं राहून हंगामी वसतिगृह मागा. तिची शाळा सुटू देऊ नका.

आणि लग्नाचं आवतण आलं तर आधी पोरीचं वय विचारा. २००६ चा कायदा सांगतो, असं लग्न लावणारा तर दोषी आहेच, पण जाणूनबुजून मांडवात हजर राहणाराही सुटत नाही. कायदा राहू द्या बाजूला. ज्या हातानं बाळकृष्णाचा पाळणा हलवला, त्याच हातानं लेकराच्या बाळपणावर अक्षता टाकायच्या? समजावून ऐकलं नाही, तर १०९८ ला फोन करा. भाऊबंद चार दिवस बोलणार नाहीत. पोर जन्मभर दुवा देईल.

बाळकृष्णाला लोणी दाखवाच. पण शेजारच्या लेकराच्या हातात पाटी आहे की कोयता, तेही बघत चला. त्याची पाटी टिकली, तर नैवेद्य देवाला पोचला.

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!