दप्तराचे कप्पे आणि नवी कार्यप्रणाली



दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसले. १९४९ च्या ऑगस्टमध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. छावणी इतिहासजमा झाली. पण 'कॅम्प नंबर तीन' हा पत्ता आजही सर्वांना कळतो. संगणकाची कार्यप्रणाली बदलतानाही असेच घडते. जुने पत्ते कोठे गेले हे न उमजल्यास मात्र कार्यालयाचे दप्तर धोक्यात येते.

विंडोज १० या प्रणालीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे पुष्कळ कार्यालयांपुढे प्रणाली बदलण्याचे काम आले आहे. अशा वेळी संगणकातील तीन कप्पे ओळखावेत. 'विंडोज' हा प्रणालीचा, 'प्रोग्राम फाइल्स' हा कामाच्या साधनांचा आणि 'युजर्स' हा कर्मचाऱ्यांच्या कागदपत्रांचा. पहिल्या कप्प्याला हात लावू नये. तिसऱ्याची प्रत काढल्याशिवाय काम सुरू करू नये.

हा तिसरा कप्पा एक्सपी प्रणालीत 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या नावाचा होता. २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टापासून त्याचे नाव बदलले. जुने नाव केवळ दिशादर्शक पाटी म्हणून उरले. ती पाटी उघडू गेल्यास 'प्रवेश नाकारला' असे उत्तर येते. कागद हरवले असा त्याचा अर्थ नव्हे. ते नव्या पत्त्यावर असतात.

बदलानंतर जुनी प्रणाली 'विंडोज डॉट ओल्ड' या कप्प्यात जाते. कर्मचाऱ्याचे राहून गेलेले कागदही कधी कधी तेथेच सापडतात. मात्र हा कप्पा साधारणतः दहा दिवसांनी आपोआप पुसला जातो. तपासणी त्यापूर्वीच व्हावी. डिस्क फॉरमॅट केली, तर हा आधारही उरत नाही.

मराठी दप्तराची आणखी एक अडचण आहे. युनिकोडपूर्व काळातील ठराव आणि पत्रे विशिष्ट फाँटवर अवलंबून असतात. तो फाँट 'विंडोज' कप्प्यातील 'फाँट्स' या उपकप्प्यात असतो. प्रणाली कोरी बसविली की तो नाहीसा होतो आणि वीस वर्षांपूर्वीचा ग्रामसभेचा ठराव निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा दिसू लागतो. मजकूर शाबूत असतो, पण वाचता येत नाही. म्हणून फाँटची प्रत आधी जपावी आणि सवडीने सारे दप्तर युनिकोडमध्ये आणावे.

प्रत कोठे ठेवावी, हे उल्हास नदी शिकवते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. तेव्हा एक प्रत कार्यालयात उंचावर आणि दुसरी वेगळ्या इमारतीत असावी. अंबरनाथ तालुक्यातील छोट्या ग्रामपंचायतीलाही हे सहज जमेल.

प्रत काढून झाली की तिच्यातील दोन-चार कागद दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावेत. ते नीट वाचता आले, तरच प्रणाली बदलण्यास हात घालावा. संगणक नवा विकत मिळतो. नागरिकाच्या हक्काची नोंद विकत मिळत नाही.