रिब्नोव्होची नवरी



भूगोलाच्या तासाला बल्गेरिया आम्ही शिक्षक एका वाक्यात उरकतो. आज तेथील एका खेड्याविषयी बोलतो. नैर्ऋत्य बल्गेरियात रोडोपी पर्वताच्या उतारावर रिब्नोव्हो हे गाव आहे. लोक पोमाक, म्हणजे बल्गेरियन भाषा बोलणारे मुसलमान. तंबाखूची कष्टाची शेती. हल्ली पुष्कळ पुरुष मजुरीसाठी परदेशी जातात आणि लग्नासाठी गावी परततात.

लग्ने हिवाळ्यात, दोन दिवस चालतात. मुलगी लहान असल्यापासून आई तिच्यासाठी विणत, शिवत असते. तो सारा संसार, चादरी-गालिचांसकट, कडाक्याच्या थंडीत घराबाहेर टांगून मांडतात आणि गाव येऊन पाहते. मग बायका नवरीचा चेहरा पांढऱ्या रंगाने जाड लिंपतात आणि त्यावर रंगीबेरंगी टिकल्यांची नक्षी चिकटवतात. इमामसाहेबांनी दुआ करीपर्यंत नवरीने डोळे मिटून राहायचे. पुढे नवरदेव दुधाने तो रंग धुतो. आपल्यापैकी काहींना हे विचित्र वाटेल. मलाही प्रथम वाटले होते.

पण मी या गावाकडे वळलो तो वेगळ्या कारणाने. कम्युनिस्ट राजवटीने असे विधी तर बंद पाडलेच, शिवाय माणसांची नावेही बदलायला घेतली. मुसलमानी नाव खोडून बल्गेरियन नाव घ्यायचे. 1964 साली अधिकारी त्यासाठी रिब्नोव्होत आले, तेव्हा गाव उठले. त्यांना गावाबाहेर घालवले आणि त्या वेळी सरकारला माघार घ्यावी लागली. दुसऱ्या खेपेस मात्र गावाचे काही चालले नाही. 1972 ते 1974 या काळात पोमाकांची नावे सक्तीने बदलण्यात आली. 1984-85 च्या हिवाळ्यात तीच पाळी बल्गेरियातील तुर्कांवर आली.

मी रोज सकाळी हजेरी घेतो. एकदा एका मुलीच्या नावातले एक अक्षर माझ्या हातून चुकले, तर तिची आई काम टाकून शाळेत आली. तिकडे तर वर्गच्या वर्ग एका हुकमाने परक्या नावाने हाक ऐकू लागला असेल. घरी आई कोणत्या नावाने हाक मारीत असेल, हे सांगायला नको.

नोव्हेंबर 1989 मध्ये ती राजवट कोसळली आणि 1990 च्या कायद्याने नावे परत घेता आली. रिब्नोव्होच्या नवऱ्या पुन्हा रंगू लागल्या. नावांचा गुंता मात्र सगळा सुटला नाही. कित्येक पोमाकांना आजही दोन नावे आहेत, एक घरातले आणि एक बाहेरचे.